बडीशेपेनंतर चूळ भरत नाहीत

नाहूर स्टेशनपासून मुलुंड चेकनाक्यापर्यंतच्या टापूत औषधाची गोळी जिला बघून घाबरते अशी एकच बाई आहे, आणि ती माझी थोरली नणंद आहे. बाकीची माणसं गोळीला घाबरतात. गोळी घशात अडकेल, कडू लागेल, पित्त करेल, अशी त्यांना धास्ती असते. वन्संच्या बाबतीत सगळं उलट. त्या गोळी हातात घेतात, उजेडाकडे धरतात, नखाने तिची कड चाचपतात, कानाशी नेऊन हलवतात आणि मग तिच्याकडे अशा काही नजरेने बघतात की मला त्या गोळीचीच दया येते. गेली पंचवीसेक वर्षं त्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आहेत. नवं औषध शोधणं हे त्यांचं काम नव्हे. शोधलेलं औषध माणसाच्या अंगात कुठे, किती वेळाने आणि कोणत्या वेगाने उतरवायचं, हे त्यांचं काम. हे आम्हाला घरात कळायला बरीच वर्षं लागली. माझे सासरे, म्हणजे आबा, तर मुलगी काय करते असं कोणी विचारलं की "आमचां चेडू गोळये वळता" एवढं सांगून मोकळे व्हायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई दिवाळीच्या लाडवांच्या ऑर्डरी घेते.

मी त्यांना वन्सं म्हणते. आजकाल नणंदेला वन्सं म्हणायची पद्धत राहिलेली नाही, माझ्या मैत्रिणी त्यावरून हसतातही. पण पहिल्याच भेटीत बाईंनी असा काही दरारा बसवला की नुसतं 'ताई' म्हणायला जीभ रेटेना. ती पहिली भेट म्हणजे माझा बघण्याचा कार्यक्रम, घाटकोपरला, आमच्या माहेरच्या घरात. पोहे झाले, चहा झाला, मुलाला पगार किती हे न विचारल्यासारखं विचारून झालं. तेवढ्यात माझ्या आईला आठवलं की आपली रक्तदाबाची गोळी राहिलीय. तिने डबीतून गोळी काढली, आणि ती अख्खी घेतली की भारी पडते अशी तिची समजूत असल्यामुळे नेहमीप्रमाणे दातांत धरून तिचे दोन तुकडे करायला गेली. समोर बसलेली मुलाची बहीण ताडकन उठली, तिने टीपॉयला वळसा घातला आणि होणाऱ्या विहीणबाईंच्या तोंडातून गोळी काढून घेतली. "काकू, ही तोडायची नसते," त्या म्हणाल्या. मग खाली बसून त्यांनी समजावून सांगितलं, की ही गोळी म्हणजे एसटी आहे. ती दर थांब्यावर दोन-दोन माणसं उतरवत दिवसभर जाणार. तुम्ही तिचे मधोमध दोन तुकडे केलेत की सगळी माणसं एकाच थांब्यावर रस्त्यात. पाहुणे गेल्यावर आईने निकाल दिला, की मुलगा चांगला आहे पण बहीण जरा सटकलेली दिसते. माझे वडील म्हणाले, परक्या घरात येऊन जी तुझ्या गोळीची एवढी काळजी करते, तिच्या घरी मुलगी द्यायला माझी हरकत नाही. असं माझं लग्न एका न तुटलेल्या गोळीवर जमलं.

लग्नानंतर मला कळलं की त्या दिवशी वन्सं फारच संयमाने वागल्या होत्या. एरवी त्या कोणाच्या घरी गेल्या की पहिली दहा मिनिटं दिवाणखान्यात बसतात आणि मग नाहीशा होतात. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे सत्यनारायणाच्या पूजेला त्या अशाच गायब झाल्या. आरती सुरू झाली तरी पत्ता नाही. शेवटी सापडल्या स्वयंपाकघरात. गॅसच्या वरच्या फळीवरची औषधांची परडी त्यांनी ओट्यावर पालथी घातली होती, मुदत संपलेल्या बाटल्या एका बाजूला आणि उन्हाने पिवळ्या पडलेल्या गोळ्या दुसऱ्या बाजूला लावल्या होत्या, आणि सेक्रेटरींच्या आई हातात प्रसादाची वाटी घेऊन अपराध्यासारख्या उभ्या होत्या. औषधं गॅसच्या वर ठेवणाऱ्या माणसाला वन्सं क्षमा करत नाहीत. दमट हवा तर त्यांची हाडवैरीण आहे आणि मुंबईत राहून त्यांनी हे वैर पत्करलंय, म्हणजे रोजचं भांडण आलंच. औषधाच्या बाटलीतून निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या त्या जपून ठेवतात आणि गावभर पेरतात. माझ्या नवऱ्याच्या बुटात, माझ्या दागिन्यांच्या डब्यात, हार्मोनियमच्या पेटीत, सगळीकडे त्या पुड्या. एकदा सासरच्या एका लग्नात मी मंगळसूत्र घालायला डबा उघडला आणि त्यातून पाच पुड्या भटजींच्या पुढ्यात पडल्या. त्यांना वाटलं ओवाळणीची काही नवी पद्धत आहे.

स्वयंपाकातही त्यांचं असंच. त्यांच्या हाताला चव आहे, पण ती जेवणाऱ्यापर्यंत लवकर पोचत नाही, कारण आधी परीक्षा होते. गणपतीत मी उकडीचे मोदक करते तेव्हा वन्सं शेजारी बसून पाऱ्या उजेडात धरून बघतात. उकडताना एखादा मोदक फुटला तर मी हळहळते. त्या मात्र खूश होऊन म्हणतात, "बघ, इथे पारी जाड आणि तिथे पातळ. आमच्या कॅप्सूलचंही हेच होतं." रव्याच्या लाडवाला तर त्या दोन बोटांत धरून हळूहळू दाबत नेतात आणि तो कितव्या क्षणाला फुटला ते सांगतात. आणि जीभ. ही जीभ आमच्या घरातली सगळ्यात महागडी वस्तू आहे. औषधाची चव घ्यायचा दिवस असला की त्या आदल्या दिवसापासून कांदा, लसूण, लोणचं, विडा, काही खात नाहीत आणि चहा कोमट करून पितात. अशा दिवशी त्यांच्याशी बोलायला आम्ही जात नाही. आजारी माणसाने डोकेदुखीवर कुठली गोळी घ्यावी असं बिल्डिंगमधल्या कुणी विचारलं तर त्या फटकारतात, की मी डॉक्टर नाही, कशासाठी घ्यायची ते मला विचारू नका, पोटात जाऊन कुठे विरघळेल ते विचारा. ते मात्र आजवर कोणी विचारलेलं नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर आबांना कंपवात झाला.

आबा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. मालवणाहून अठराव्या वर्षी आले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी हातांवर पोट भरलं. त्या हातांचा त्यांना मोठा अभिमान होता, आणि तो दिसायचा दाढी करताना. रोज सकाळी सहाला, रविवार असो की सुतक, आरशासमोर उभं राहून ते दाढी करत. आता तेच हात सकाळी लाकडासारखे होत. औषध पोटात गेल्यावर पाऊण-एक तासाने ते सैल पडत, पण औषध पोटात जायचं कसं? घसाही तसाच आखडलेला. गोळी गिळायला घसा चालायला हवा आणि घसा चालायला गोळी गिळायला हवी, असा तो पेच होता. गोळी जिभेवर तशीच बसून राही, पाणी ओठांच्या कडेने गळून जाई. दाढी करायला न्हावी घरी येतो म्हणाला तर आबांनी मान फिरवली. माझ्या नवऱ्याने प्रयत्न केला आणि दोन ठिकाणी कापलं. मग वन्सं येऊ लागल्या. त्या आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, आम्ही चौथ्यावर. रोज सकाळी साडेसहाला बाह्या वर करून त्या यायच्या, आबांची हनुवटी दोन बोटांनी उचलून धरायच्या आणि वीस मिनिटं सावकाश दाढी करायच्या. करता करता प्रयोगशाळेत काल काय झालं ते सगळं सांगायच्या. वस्तरा गालावर असल्यामुळे आबांना मध्ये बोलता येत नसे. वन्संचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. पण आबा सुखी नव्हते. एकदा ते मला म्हणाले, "माका बाकी काय नको गो. माजी दाढी माका करूक गावूक व्हयी."

आणि मग मी ती चूक केली. एका सकाळी गोळी काही केल्या खाली उतरेना, तेव्हा मी आपल्याकडे सगळ्या आया करतात तेच केलं. दोन चमच्यांमध्ये गोळी चुरडली, मधात कालवली आणि आबांना चाटवली. ते चाटण त्यांनी आवडीने घेतलं. मला केवढं हायसं वाटलं. अर्ध्या तासाने ते पलंगावरून उठले आणि गरगरून खाली बसले, डोळे पांढरे, अंगाला घाम. दिवसभर पुरवून उतरायचं औषध मी एकाच थांब्यावर उतरवलं होतं. एसटीची गोष्ट मला लग्नाआधीपासून पाठ होती, तरी आबांच्या तोंडाकडे बघताना ती मला आठवली नाही. डॉक्टर येऊन गेले, धोका टळला. वन्सं वर आल्या, त्यांनी ओट्यावर एकमेकांवर पडलेले दोन चमचे बघितले, उचलले आणि धुऊन जागेवर ठेवले. त्यांनी मला झापलं असतं तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी मी रडायला लागले तेव्हा त्या जवळ येऊन म्हणाल्या, "चूक तुझी नाही. ज्यांनी म्हाताऱ्या माणसाला गिळता येणार नाही अशी गोळी बनवली त्यांची आहे. म्हणजे आमची."

त्या दिवसापासून वन्संनी गोळीचा नाद सोडला. त्यांच्या प्रयोगशाळेत जिभेवर ठेवली की विरघळणाऱ्या पातळ पट्टीचं काम सुरू झालं होतं. पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी, पाणी नको, गिळणं नको, थुंकीबरोबरच औषध उतरतं. ते काम दुसऱ्याच कसल्या तरी औषधासाठी चाललं होतं. वन्सं साहेबांच्या केबिनबाहेर जाऊन बसल्या आणि कंपवाताच्या औषधाची पट्टी करायची परवानगी मिळेपर्यंत उठल्या नाहीत. हाताखाली त्यांना सुजाता नावाची एक मुलगी मिळाली, अकोल्याची, तोंडाने फटकळ आणि कामाला वाघ. औषध भयंकर कडू होतं. त्याच्या प्रत्येक कणाला बारीक अंगरखा घालायचा, म्हणजे जिभेला तो कडू लागणार नाही पण पोटात गेल्यावर अंगरखा उतरेल, अशी ती युक्ती होती. हे शिवणकाम दोघी वर्षभर करत होत्या. अखेर पट्टी जमली. यंत्रांनी ती पास केली. वन्संच्या जिभेने पास केली. तेव्हा माझा नवरा भडकला. त्याचं म्हणणं सरळ होतं, की लॅबमध्ये तुझ्या टेबलावर पट्ट्या पडल्यात आणि इथे घरी आबा आखडून पडलेत, पर्समध्ये एक घालून आणायला काय होतं? वन्सं शांतपणे म्हणाल्या, "जी अजून तपासून झाली नाही ती मी कोणा परक्याच्या बापाला देणार नाही. मग माझ्या बापाला कशी देऊ रे?" तो आठ दिवस त्यांच्याशी बोलला नाही. खरं सांगायचं तर मलाही त्या आठ दिवसांत त्यांचा राग आला होता.

घोडं पुढे अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. औषध न घातलेल्या कोऱ्या पट्ट्या कंपनीने काही तरुण आणि काही वयस्कर लोकांना घरी वापरून बघायला दिल्या होत्या, नुसती सवय आणि चव कळावी म्हणून. तरुणांचे अभिप्राय झकास आले. म्हाताऱ्यांनी मात्र लिहिलं, की पट्टी तोंडात राहत नाही, आली तशी जाते. वन्संनी पट्टी जरा जाड केली. पुन्हा तोच अभिप्राय. मग चिकट केली. कोरी पट्टी घरी आणायची लेखी परवानगी त्यांना मिळाली तेव्हा पहिला प्रयोग माझ्या नवऱ्यावर झाला. ती पट्टी त्याच्या टाळूला अशी चिकटली की तासभर त्याला एक शब्द स्पष्ट बोलता आला नाही. घरात इतकी शांतता मी लग्नानंतर प्रथमच अनुभवली आणि तेवढ्यापुरती मी वन्संच्या संशोधनाची पूर्ण चाहती झाले. पण म्हाताऱ्यांच्या तोंडात पट्टी का राहत नाही ते कळेना. वन्सं खंगल्या. दाढी करताना बोलायच्या बंद झाल्या, तेव्हा आबांनाच काळजी वाटायला लागली.

शेवटी एका रविवारी दुपारी, आबांचं अंग मोकळं असताना, वन्संनी त्यांच्या जिभेवर कोरी पट्टी ठेवली आणि स्वतः मागे कपाटाशी जाऊन उभ्या राहिल्या. आबांनी तोंड मिटलं. क्षणभर चघळलं. मग ते उठले, भिंतीला धरत धरत बेसिनपाशी गेले, तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं, खळखळून चूळ भरली आणि थुंकले. वन्संनी विचारलं, आबा, हे काय केलंत? आबांना प्रश्नच कळला नाही. "दात घासल्यार चूळ भरूक नको?" ते म्हणाले.

पट्टी पुदिन्याच्या चवीची होती. आबांच्या आयुष्यात पुदिन्याचा तो गार वास एकाच वस्तूला यायचा, दात घासायच्या पेस्टला. तो तोंडात आला की चूळ भरायची, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की आपण उठलो, पाणी घेतलं आणि थुंकलो हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. तरुणांना पुदिना च्युइंगममधूनही ओळखीचा होता, पण घरोघरचे म्हातारे हेच करत होते, आणि कागदावर प्रामाणिकपणे लिहीत होते की पट्टी तोंडात राहत नाही. वन्सं बेसिनशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. दहा मिनिटं त्या हसत होत्या. दोन वर्षं जगातली सगळी यंत्रं लावून जे सापडलं नाही ते त्यांच्या बापाने एका तांब्याभर पाण्यात दाखवून दिलं होतं.

आता चव बदलायची. वन्संनी लगेच ठरवलं, तुळस. तीर्थातलं तुळशीचं पान कोणी थुंकत नाही. सोमवारी मोठ्या उत्साहाने त्यांनी हे सुजाताला सांगितलं. सुजाता म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे तीर्थ असेल. माझ्या आईला तुळस म्हणजे खोकल्याचा काढा. ती दोन हात लांबून तोंड वाकडं करेल." वन्संनी तिथल्या तिथे वहीतल्या तुळशीवर काट मारली. घरी येऊन त्यांनी मला हे सांगितलं आणि म्हणाल्या, बघ गं, दुसऱ्याच्या तोंडात काय आहे ते आपल्याला ठाऊकच नसतं. मग महिनाभर आमच्या घरात चवींचा तमाशा चालला. आलेपाक झाला, कोकम झालं, खडीसाखर झाली, लिंबाच्या गोळ्या झाल्या. कशाने खोकला यायचा, कशाने तहान लागायची. आणि मग एका रविवारी आम्ही तिघं मुलुंडला हॉटेलात जेवायला गेलो, म्हणजे मी आणि नवऱ्याने वन्संना ओढून नेलं. जेवण झालं, नवरा बेसिनवर जाऊन चूळ भरून आला, बिलाच्या ताटलीतली बडीशेप त्याने तोंडात टाकली आणि निघाला. वन्सं जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी त्याला विचारलं, आता चूळ भरणार का? तो म्हणाला, आत्ताच भरली ना. त्या म्हणाल्या, बडीशेप खाल्लीस, आता भरणार का? तो वैतागून म्हणाला, "बडीशेपेनंतर कोण चूळ भरतं, ताई?"

वन्संच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी त्याआधी फक्त बाळंतिणीच्या चेहऱ्यावर बघितलंय. त्यांनी आम्हाला घरी पाठवून दिलं आणि गल्ल्याशेजारच्या खुर्चीत ठाण मांडलं. तासभर येणारं-जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्या निरखत होत्या. धोतरवाले आजोबा, बुरख्यातल्या आजी, सरदारजी, बँकेतल्या निवृत्त बायका, सगळ्यांनी आधी चूळ भरली, मग बडीशेप घेतली, आणि बडीशेपेनंतर एकही माणूस बेसिनकडे वळला नाही. बिलाच्या पाठीवर त्या रेघा ओढत होत्या. मॅनेजरने काही हरवलंय का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, हरवलं होतं, सापडलं. सुजाताने फोनवर ऐकून एवढंच सांगितलं, की माझी आई बडीशेप पदराच्या गाठीला बांधून फिरते, ही चव तिला चालेल.

वरच्या साहेब लोकांना ते पटेना. पुदिना जगभर चालतो, त्यांचं म्हणणं. तेव्हा वन्संनी बैठक बोलावली आणि सहा साहेबांच्या जिभेवर पुदिन्याची कोरी पट्टी ठेवली. केस पिकलेल्या तिघांचे हात बोलता बोलता समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे गेले, त्यातला एक तर चूळ तोंडात धरून बेसिन शोधत उभा राहिला. जरा वेळाने वन्संनी बडीशेपेची पट्टी दिली. सहाही जण खुर्चीत मागे रेलले, एकाने चक्क ढेकर दिला. त्या दिवशी बडीशेप मंजूर झाली. पुढे तपासण्या, फायली, मंजुऱ्या यांत बराच काळ गेला आणि त्या काळात आबा आणखी वाकले. मला रोज वाटायचं की पट्टी येईल पण उशिरा येईल. वन्संनाही तेच वाटत असणार. त्या रोज साडेसहाला यायच्या आणि दाढी करून जायच्या.

ती आली. चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून डॉक्टरांनी सही केली, आणि वन्सं स्वतः खालच्या केमिस्टकडे गेल्या. मीही बरोबर होते. दुकानदाराने डबी ठेवली आणि नव्या औषधाच्या उत्साहाने समजावून सांगायला लागला, की मॅडम, ही जिभेवर ठेवायची, चावायची नाही, आणि मेन म्हणजे वरून चूळ भरायची नाही. वन्संनी अगदी लहान मुलीसारखं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "परत एकदा सांगता?" त्याने परत सांगितलं. मला बोलायचं होतं, पण त्यांनी माझा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आबांच्या जिभेवर पट्टी ठेवली. वन्संनी मुद्दाम मला ठेवायला लावली. आबांनी तोंड मिटलं, बडीशेपेच्या चवीने थोडे सुखावले आणि पडून राहिले. आम्ही तिघं पलंगाभोवती घड्याळाकडे न बघण्याचं नाटक करत बसलो. बऱ्याच वेळाने आबांची बोटं चादरीवर हलली, आधी एक, मग सगळी, एखाद्या यंत्राला तेल पोचावं तशी. ते उठून बसले. साडेसहा झाले होते, वन्सं बाह्या वर करत होत्या. आबांनी त्यांच्या हातातला वस्तरा घेतला, बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली. आम्ही दाराबाहेर उभे. नळाचा आवाज, मग ब्रशचा, मग काही नाही, मग पुन्हा नळाचा. माझा नवरा भिंतीकडे तोंड करून रडत होता. आबा बाहेर आले तेव्हा गालावर दोन ठिकाणी वर्तमानपत्राचे कपटे चिकटवलेले होते. "काय बघतास?" ते म्हणाले. "दाढी केलेलो माणूस कधी बघूक नाय?"

त्या दिवशी आमच्या बिल्डिंगने काय धमाल केली ते सांगायला हवं. सेक्रेटरींनी संध्याकाळपर्यंत गेटवर बॅनर लावला, 'गोळीच्या महान शोधाबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि बाजूला वन्संचा आधार कार्डासारखा फोटो. वन्सं कामावरून आल्या, बॅनर वाचला आणि पर्समधून मार्कर काढून 'गोळीच्या' खोडून 'पट्टीच्या' लिहिलं. 'महान'सुद्धा खोडलं आणि वर सुजाताचं नाव लिहिलं. माळ्यामाळ्यावरून लोक ओरडत होते, ढोल नसल्यामुळे कोणीतरी पिंप बडवत होतं. पेढे आणले का म्हणून पोरांनी विचारलं तर वन्संनी प्रत्येकाच्या हातावर चमचाभर बडीशेप ठेवली. मध्ये खुर्ची टाकून आबा बसले होते, गुळगुळीत गालांनी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हनुवटी वर करून दाखवत होते. कोणीतरी त्यांना विचारलं, मुलीने औषध शोधलं म्हणे? आबा म्हणाले, औषध दुसऱ्यांनी शोधलां, तां तोंडात कसां ऱ्हवात तां माझ्या चेडवान शोधलां. इतक्या वर्षांत वन्संच्या कामाची एवढी बिनचूक व्याख्या आमच्या घरात कोणी केली नव्हती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बेल वाजली. वन्सं दारात उभ्या, बाह्या वर केलेल्या, खांद्यावर टॉवेल. सवयीनेच आल्या होत्या. आबा दाढी करून, शर्टाची बटणं लावून खिडकीशी चहा पीत होते. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं, बस, चाय घे. वन्संनी टॉवेल मांडीवर घेतला आणि त्या बसल्या. इतक्या वर्षांत त्या वेळी त्या घरात त्यांना नुसतं बसलेलं मी प्रथमच बघत होते. काल लॅबमध्ये काय झालं ते त्यांनी सांगायला सुरुवात केली, पण आबांना आता बोलता येत होतं, आणि ते शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होते. त्यांच्या जबड्याखाली डाव्या बाजूला थोडे खुंट राहून गेले होते. उभ्याने, आरशात बघून करणाऱ्याच्या नजरेतून ती जागा सुटतेच. मला ते दिसले आणि वन्संनाही दिसले. त्यांचा हात मांडीवरून उचलला गेला, दोन बोटं हनुवटी धरायला पुढे झाली, आणि मग त्यांनी तो हात चहाच्या कपाकडे नेला. चहा कोमट व्हायची वाटही न बघता त्यांनी तो संपवला आणि रोजच्यापेक्षा वीस मिनिटं लवकर कामाला गेल्या.